आष्टी-चिमूरची बातमी आणि उषा मेहतांचे रेडिओ केंद्र

१६ ऑगस्ट १९४२. या एकाच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमुरात लोक रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडली, संतापलेल्या जमावाने पोलीस व अधिकारी मारले, आणि पाठोपाठ चिमुरात शिरलेल्या फौजेने बायकांनाही सोडले नाही. बाकी देशाचे राहू द्या, विदर्भातच, बुलढाणा जिल्ह्यातल्या डोणगावात बसलेल्या माणसालाही यातले खरे किती आणि तोंडातोंडी वाढलेले किती हे कळायला मार्ग नव्हता. वर्तमानपत्रांवर बंधने होती, रेडिओ सरकारचा होता, टपाल उघडले जात होते. निरोप एका माणसाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असाच जायचा. मधला कोण खबऱ्या, हे सांगता येत नव्हते.

त्या दिवसांत आष्टी-चिमूरची हकीकत मुंबईतल्या एका बेकायदा रेडिओ केंद्राने देशाला सांगितली. काँग्रेस रेडिओ हे त्याचे नाव. ते चालवणाऱ्या चमूतल्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्यांचे चरित्र बहुधा स्वातंत्र्यलढ्याच्या अंगाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण आजच्या संगणकशास्त्रातला एक अवघड प्रश्न समजून घ्यायलाही हे चरित्र फार उपयोगी पडते. मधल्या उपकरणांवर भरवसा नसताना बिनतारी जाळ्यातून निरोप सुरक्षित कसा न्यायचा, हा तो प्रश्न.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतेजवळच्या सरस या गावचा. वडील ब्रिटिश सरकारच्या सेवेतले न्यायाधीश. लहानपणीच त्यांनी गांधीजींना पाहिले होते, आणि १९२८ मध्ये, आठव्या वर्षी, सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत त्या चालल्या. सरकारी नोकरीतल्या वडिलांना मुलीचे हे वागणे मानवणारे नव्हते. १९३० मध्ये ते निवृत्त झाले आणि घरातली ही अडचण संपली. १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आले. विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९३९ मध्ये पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या आणि कायद्याचा अभ्यास करू लागल्या. अंगावर खादी, राहणी साधी. बॉम्ब आणि पिस्तुलांच्या वाटेला जाणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटेपासून सगळे मोठे नेते तुरुंगात गेले. मागे राहिलेल्या तरुणांपुढचा पहिला प्रश्न होता बातमीचा. चळवळ कुठे चालू आहे, कुठे दडपली गेली, पुढे काय करायचे, हे एकमेकांना कळलेच नाही तर महिन्याभरात सारे विझणार होते. छापलेली पत्रके पकडली जात. रेडिओच्या लहरींना मात्र नाक्यावर अडवता येत नाही. उषाबेन, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी अशा काही जणांनी स्वतःचे प्रक्षेपण केंद्र उभारायचे ठरवले. लागणारी सामग्री मिळवून देण्यात शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवानी यांचा हात होता. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले होते, त्यामुळे साधा सुटा भाग विकत घेणेही संशयाचे होते. राममनोहर लोहियांना या उद्योगाची माहिती मिळाली आणि ते व अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत नेते केंद्रामागे उभे राहिले.

ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात ४२.३४ मीटर लहरींवर आवाज आला. निवेदनात तरंगलांबी सांगितली जाई आणि ठिकाण म्हणून भारतात कुठेतरी एवढेच.

४२.३४ मीटर म्हणजे आजच्या भाषेत सुमारे ७ मेगाहर्ट्झ. या लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतात आणि शेकडो किलोमीटरवर ऐकू येतात. ज्याच्याकडे रेडिओ आहे आणि ज्याला आकडा माहीत आहे, तो ऐकू शकतो. अर्थात पोलीसही. रेडिओवरून लपून बोलता येत नाही. लपवायची असते ती बोलण्याची जागा. फिरत्या अँटेनाने लहर कोणत्या दिशेने येते ते कळते, दोन ठिकाणांहून दिशा घेतली की नकाशावर दोन रेषा छेदतात, आणि छेदबिंदूवर केंद्र असते. आकाशातून परतलेल्या लहरीवरून अशी दिशा नीट सापडत नाही, म्हणून शोधणाऱ्याला जवळ यावे लागते. यासाठी यंत्रे लावलेल्या मोटारी शहरात फिरत.

यावरचा एकच साधा उपाय म्हणजे जागा बदलणे. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचे लक्ष्मी भवन, गिरगाव बॅक रोडवरची पारेखवाडी, महालक्ष्मीच्या देवळाजवळचा पॅराडाइज बंगला. सगळ्या जागा दक्षिण मुंबईतल्या, एकीकडून दुसरीकडे पायी जाता येईल अशा. पहिली तर विल्सन कॉलेजच्या अंगणात म्हणावी इतकी जवळ. प्रक्षेपणही थोडाच वेळ, बहुधा संध्याकाळी, हिंदुस्थानी आणि इंग्रजीत. पुढे त्यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्याची जागा आणि प्रक्षेपणाची जागा वेगळ्या केल्या. बोलणारे नेते एकीकडे, यंत्र दुसरीकडे. मधे तबकड्या नेणारी माणसे. देशभरातून बातम्या आणणारे निरोपे तर त्याहून वेगळे. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आष्टी-चिमूर, असे जे कुठे छापता येत नव्हते ते या वाटेने आत येई आणि लहरींवरून बाहेर जाई.

या रचनेकडे आजचा संगणक अभियंता पाहील तर त्याला ओळखीचे काही दिसेल. नेहमीचा मोबाइल फोन जवळच्या टॉवरशी बोलतो आणि पुढची वाट कंपनीची यंत्रणा ठरवते. पण टॉवर नसलेलीही जाळी असतात. भूकंपात, पुरात, रणांगणावर, खाणीत. समजा अतिवृष्टीने डोणगाव परिसरातले सारे टॉवर बंद पडले आणि एका माणसाला मेहकरच्या दवाखान्यात निरोप पाठवायचा आहे. फोनमध्ये तशी सोय असेल तर त्याचा फोन आसपासच्या फोनना विचारतो की मेहकरकडे जाणारी वाट कोणाला ठाऊक आहे. ते आपल्या शेजाऱ्यांना विचारतात. प्रश्न असा पसरत जातो, उत्तर उलट्या वाटेने परत येते, आणि मग निरोप एका फोनवरून दुसऱ्यावर उड्या मारत निघतो. माणसे हलत असतात, म्हणून वाट दर थोड्या वेळाने मोडते आणि नव्याने शोधावी लागते. इथे कोणी मुख्य अधिकारी नाही. प्रत्येक उपकरण स्वतःच पोस्टमन आहे.

आणि प्रत्येक उपकरण खोटेही बोलू शकते. सर्वात सोपी लबाडी म्हणजे प्रश्न आल्याबरोबर आपल्याकडे सर्वात जवळची वाट आहे असे ठोकून देणे. सगळे निरोप मग त्याच्याकडे वळतात आणि तो ते गिळून टाकतो. या हल्ल्याला अभियंत्यांनी कृष्णविवर असे नाव दिले आहे. त्याहून घातक तो, जो बहुतेक निरोप इमानाने पुढे देतो आणि नेमके काहीच अडवतो. एकमेकांपासून दूर असलेली दोन सामील उपकरणे आपण शेजारी असल्याचा बहाणा करून वाहतूक स्वतःकडे ओढून घेऊ शकतात. एखादे दुसऱ्याचे नाव लावते. आणि काही तर लबाड नसतातच, केवळ बॅटरी वाचवण्यासाठी दुसऱ्यांचे ओझे वाहायचे टाळतात.

ज्याची त्यालाच उमटवता येईल अशी डिजिटल सही निरोपाला जोडली तर वाटेत कोणी मजकूर बदलला ते कळते. नाव चोरणाराही सापडतो. पण सहीची किल्ली असलेले, जाळ्यात रीतसर दाखल झालेले उपकरणच शत्रूच्या हाती पडले तर? त्याची सही खरी असते. त्याची ओळख खरी असते. रोगाची लक्षणे नसलेला वाहक जसा वॉर्डात सगळ्यांमध्ये मिसळतो, तसे ते वावरते.

काँग्रेस रेडिओचे हेच झाले. दिशा शोधणाऱ्या मोटारी अडीच महिने शहरात फिरल्या, पण केंद्र त्यांच्यामुळे बंद पडले नाही. केंद्राच्या यंत्राशी संबंध असलेला एक तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने ठिकाण दाखवले. त्याच्याविषयी पुढे पुष्कळ कडवटपणे लिहिले गेले. कोठडीत माणसाचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे ते इतक्या सहज निवाडा देणार नाहीत. अभियंत्याच्या दृष्टीने तर त्याचा स्वभाव हा मुद्दाच नाही. मुद्दा हा की जाळ्यातल्या एका माणसाला प्रक्षेपणाची जागा माहीत असणे भागच होते, कारण यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार? जिथे माहिती द्यावीच लागते तिथे ती फुटण्याची शक्यताही मान्य करावी लागते.

१२ नोव्हेंबर १९४२. बाबूभाईंकडे पोलीस पोचल्याचे उषाबेनना कळले. इथून पळून जाणे शक्य होते. त्या ध्वनिमुद्रणाच्या जागी गेल्या, तिथे असलेल्यांना सावध केले, आणि मग त्या संध्याकाळचा कार्यक्रम घेऊन प्रक्षेपणाच्या जागी गेल्या. पॅराडाइज बंगल्यात चंद्रकांत झवेरी आणि त्या असा दोघांनी कार्यक्रम सुरू केला. पोलीस दारे फोडून आत आले तेव्हा शेवटचे वंदे मातरम् वाजत होते. ते थांबवायला सांगितले गेले, आणि त्यांनी नकार दिला.

हा प्रसंग शौर्याचा म्हणून सांगतात, आणि तो आहेच. पण त्याआधीची कृती जास्त महत्त्वाची मानायला हवी. एक दुवा तुटल्याचे कळताच त्यांनी आधी बाकीच्या दुव्यांना कळवले. बिनतारी जाळ्यांच्या अभ्यासात याला मोठे स्थान आहे. २००० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या चार संशोधकांनी एक कल्पना मांडली. बिनतारी उपकरणाला शेजाऱ्याचे प्रक्षेपणही ऐकू येते. मग निरोप शेजाऱ्याकडे दिल्यावर तो पुढे देतो की नाही हे कान देऊन ऐकावे, देत नसेल तर त्याची पत कमी करावी, आणि पुढच्या वेळी त्याला टाळून जाणारी वाट निवडावी. या पद्धतीला त्यांनी राखणदार कुत्र्याचे नाव दिले. कल्पना चांगली, पण डॉक्टरांना परिचित असलेली तीच अडचण इथेही येते. चाचणी निरोग्यालाही रोगी ठरवू शकते. गोंगाटामुळे ऐकू आले नाही, बॅटरी उतरली, शेजारी फक्त टेकडीआड गेला, तरी तो बदमाश ठरतो. शिवाय बदमाशच दुसऱ्याविषयी खोटी तक्रार करू शकतो. म्हणून पुढच्या पद्धतींमध्ये एकाच्या सांगण्यावर कोणाला वाळीत टाकत नाहीत, आणि महत्त्वाचा निरोप एकाच वाटेने न पाठवता तुकडे करून अनेक वाटांनी धाडतात. एक तुकडा फुटला तरी त्यावरून संपूर्ण निरोप वाचता येत नाही.

हे केवळ सैन्याचे काम राहिलेले नाही. साखर मोजणारा दंडावरचा सेन्सर, इन्सुलिनचा पंप, हृदयाला ठोके देणारा पेसमेकर ही सगळी आता बिनतारी बोलणारी उपकरणे आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांचे सॉफ्टवेअर सुधारून घ्यायला सांगितले, कारण जवळ आलेला परका माणूस त्यांना आज्ञा देऊ शकेल अशी फट सापडली होती. कोणाला इजा झाल्याची नोंद नव्हती. पण छातीत बसवलेल्या यंत्राने कोणाचे ऐकावे, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने तांत्रिक राहत नाही.

उषाबेनच्या अटकेनंतरचे सहा महिने त्यांच्या आयुष्यातला सर्वात कठीण काळ असावा. एकांतकोठडी आणि रोजची चौकशी. माहिती दिली तर परदेशात शिकायला पाठवू, असे आमिषही दाखवले गेले. कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडून आलेल्या हुशार मुलीला कशाचा मोह होईल हे विचारणाऱ्याने बरोबर ओळखले होते. माणसाशी बोलणे तोडले की झोप बिघडते, काळाचे भान जाते, आणि जो कोणी बोलायला येईल तो, मग तो चौकशी अधिकारी का असेना, आपला वाटू लागतो. एकांतवासाचा उपयोग यासाठीच केला जातो. त्या काही बोलल्या नाहीत. खटल्यात उत्तरे देणे कायद्याने बंधनकारक नाही याची त्यांनी न्यायाधीशांकडून खात्री करून घेतली, आणि मग एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. स्वतःच्या बचावाचेसुद्धा नाही. चार वर्षांची शिक्षा झाली.

त्या गप्प राहिल्याने काय वाचले ते पुढच्या घटनांवरून दिसते. लोहिया १९४४ पर्यंत पकडले गेले नाहीत. अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन तर १९४६ पर्यंत, भूमिगत काळ संपेपर्यंत, पोलिसांना सापडलेच नाहीत. केंद्र गेले, पण त्या धाग्यावरून बाकीचे जाळे उलगडले नाही. एक दुवा फितला, पण त्याला ठाऊक होते तेवढेच फुटले. दुसरा दुवा पकडला गेला, त्याला पुष्कळ ठाऊक होते, आणि त्याच्याकडून काहीच पुढे गेले नाही. पहिल्या गोष्टीची तरतूद रचनेत करता येते. दुसरीची अजून कोणालाही यंत्रात करता आलेली नाही. शत्रूच्या हाती पडताच आपली किल्ली पुसून टाकणाऱ्या चिपा बनवल्या जातात, त्या याच्या जवळपास जातात इतकेच.

इथे एक विसंगती आहे. गांधीजींना गुप्त काम पसंत नव्हते. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघडपणे पुढे येण्याचा सल्ला दिला. आणि जन्मभर गांधीवादी राहिलेल्या उषाबेनची कीर्ती मात्र एका गुप्त केंद्रामुळे आहे. त्यांना स्वतःला यात अपराध वाटला असे दिसत नाही. त्या केंद्रावरून हिंसेला चिथावणी देण्यापेक्षा बातमी देणे हे त्यांच्या दृष्टीने मुख्य काम होते.

येरवड्याच्या तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळली. उपचारांसाठी त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणले, तिथे खाटेभोवती रात्रंदिवस पोलिसांचा पहारा होता. थोडे बरे वाटताच परत येरवडा. १९४६ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आदेशाने त्या सुटल्या, पण तब्येत पूर्वीची राहिली नव्हती. १५ ऑगस्ट १९४७ च्या सोहळ्याला ज्यांना पुढच्या रांगेत बसवायला हवे होते त्या उषाबेन आजारपणामुळे घरी होत्या. तुरुंगवास संपल्यावरही शरीरात किती वर्षे राहतो, याची आपल्याकडच्या सत्याग्रहींच्या चरित्रांत क्वचितच नोंद होते.

पुढचे आयुष्य शांत, शिक्षकाचे. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर त्यांनी मुंबई विद्यापीठात पीएच. डी. केली, विल्सन कॉलेजात अनेक वर्षे शिकवले, विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, १९८० मध्ये निवृत्त झाल्या. लॅबर्नम रोडवर, जिथे एका घरात कधीकाळी प्रक्षेपक लपवला होता, त्याच रस्त्यावरच्या मणिभवनाच्या कामात त्यांनी उत्तरायुष्य घालवले. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. राजकारणात पद घेतले नाही.

२००० सालच्या ९ ऑगस्टला, ऐंशीव्या वर्षी, त्यांना ताप होता. गवालिया टँकच्या, म्हणजे आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावरच्या वार्षिक कार्यक्रमाला जाऊ नका असे कोणताही डॉक्टर सांगेल. त्या गेल्या. थकून घरी परतल्या आणि ११ ऑगस्टला गेल्या.